मरळीचा हा भाऊबंद माणसं खात नाही

'जमिनीवर चालणारा, माणसावर झेपावणारा मासा' हा व्हिडिओ आज दिवसभर फिरतोय, म्हणून लिहितोय. हा नॉर्दर्न स्नेकहेड, आपल्या मरळीच्याच कुळातला. 2002 मध्ये हा परका मासा अमेरिकेत, मेरीलँडमधल्या क्रॉफ्टनच्या तळ्यात सापडला आणि तिथे घबराट उडाली. तळ्यात रोटेनोन हे मासे मारणारं विष टाकल्यावर 6 मोठे मासे आणि हजारावर पिल्लं निघाली. 2004 मध्ये तो पोटोमॅक नदीतही मिळाला.

तो चालत नाही, ओल्या जमिनीवर फार तर वळवळत थोडा सरकतो. पण हवेतून श्वास घेतो, त्यामुळे अंग ओलं राहिलं तर पाण्याबाहेर काही दिवसही तगतो. खरी अडचण इथेच आहे. काठावर टाकलेला मासा मेला असं समजून लोक निघून जातात. अमेरिकेत गळाला लागला तर परत सोडू नका, बादलीत जिवंत नेऊ नका. जागेवरच मारा, फोटो काढा, ठिकाण टिपा आणि तिथल्या मत्स्य विभागाला कळवा.

मारण्याआधी ओळख मात्र पक्की हवी, कारण तिथला स्थानिक बोफिन मासा दिसायला बराच सारखा असतो आणि घाईत नाहक मरतो. पोटाकडचा मागचा पर बघा: स्नेकहेडचा लांबलचक, बोफिनचा आखूड. शिवाय स्नेकहेडच्या डोक्यावर खवले असतात, बोफिनचं डोकं गुळगुळीत.

अंगावर धावून येतो तो पिल्लं राखताना. नर-मादी दोघंही राखण करतात. पाणवनस्पतींत पिल्लांचा थवा दिसला तर तिथे हात घालू नका, एवढं पुरे.