हात पाठीमागे ठेवून

बुधवार, रात्री

उद्यापासून परिषद. सभागृह अजून अर्धवटच उभं आहे. एका टोकाला सुतारकाम चाललंय, दुसऱ्या टोकाला दिवे चढवताहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत आमची, मी शिकवते ती मुलं केबल टाकताहेत. यातल्या बहुतेकांनी कॉलेजच्या स्टुडिओबाहेर कॅमेरा लावलेला नाही. काहींनी तर स्टुडिओही पाहिलेला नाही, फोनवर शूट करायचं आणि फोनवरच एडिट करायचं एवढंच त्यांना माहीत. आणि उद्या सकाळी प्रसारण आणि वृत्तक्षेत्रातल्या माणसांनी भरलेल्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर आणि थेट प्रक्षेपणात, यांनीच निवडलेली दृश्यं जाणार आहेत.

हे आयोजकांकडून कबूल करून घ्यायला बराच वेळ लागला. त्यांच्या डोळ्यांसमोर स्वयंसेवक होते. नोंदणीच्या टेबलावर बसणारे, प्रश्नोत्तरांच्या वेळी माइक फिरवणारे, पाहुण्यांना वाट दाखवणारे. त्याबदल्यात गळ्यात पास आणि शेवटी प्रमाणपत्र. मी एकच धरून बसले होते: ज्या कामावाचून परिषद अडेल असं काम मुलांना द्या, आणि त्याचे पैसे द्या. पैशांच्या मुद्द्यावर मी जराही मागे सरले नाही. फुकट राबणं ज्यांच्या घराला परवडतं तीच मुलं मग या क्षेत्रात टिकतात, आणि उद्या कुणाची गोष्ट कोण सांगणार हे तिथेच ठरून जातं.

केबल गुंडाळण्यापासून सुरुवात केली. कोपर आणि पंजाभोवती गुंडाळायची सवय सगळ्यांनाच असते. त्याने केबलला पीळ बसतो आणि आतली तार हळूहळू खराब होते. एक वेटोळं सरळ, पुढचं उलटं, असं घेतलं की केबल फेकली तरी गाठ न पडता सरळ उलगडते. मुलं तासभर तेच करत बसली, कंटाळली नाहीत. एकीने विचारलं, "हे उद्या कुणी बघणार आहे का?" बघतात. या क्षेत्रातली जुनी माणसं नव्याची पारख आधी तिथेच करतात.

गुरुवार, दुपारी

पहिलं सत्र पार पडलं. घाईत लिहितेय, पण आत्ताच लिहायला हवं.

सुरू होण्याआधी व्यासपीठामागच्या एलईडी भिंतीवर कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसत होते. कॅमेऱ्यावरच्या मुलीने सेकंदाला पंचवीस फ्रेमला साजेसं १/५० सेकंदाचं शटर ठेवलं होतं, त्यामुळे सभागृहातले दिवे स्थिर दिसत होते, पण भिंतीचा रिफ्रेश, म्हणजे तिच्यावरचं चित्र ताजं होण्याचा वेग, वेगळा. तिने शटर अगदी बारीक पायऱ्यांनी सरकवत नेलं आणि पट्टे गेले. तिला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री बसून वाचून आली होती.

मग चर्चा सुरू झाली. एक पाहुणे दूरवरून पडद्यावर सामील झाले होते. पहिलंच वाक्य बोलले आणि अडखळले. पुन्हा बोलले, पुन्हा थांबले. "मला माझाच आवाज उशिराने ऐकू येतोय." सभागृहात चुळबुळ. आवाजाच्या मिक्सरवर बसलेला मुलगा मुळात इतका अबोल, की त्याला या जागेवर बसवावं की नाही यावर आमच्यातच दुमत होतं. माझ्या हाताला काय करायचं ते माहीत होतं, आणि म्हणूनच मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. त्याने डोळे मिटले, एक क्षण विचार केला, दूरच्या पाहुण्यांकडे जाणारा मिक्स उघडला आणि त्यातून त्यांचाच फेडर, आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढला. याला मिक्स मायनस म्हणतात. दूरच्या माणसाला सगळ्यांचा आवाज पाठवायचा, फक्त त्याचा स्वतःचा सोडून. स्वतःचा आवाज थोड्या उशिराने कानावर पडला की माणसाला बोलताच येत नाही, जीभ अडते. पाहुणे म्हणाले, "आता ठीक आहे," आणि चर्चा पुढे गेली. मुलाचे कान लाल झाले होते. हे त्याने पुस्तकात वाचलेलं होतं, पण आज ते त्याचं झालं.

प्रक्षेपण फोनवर, हेडफोन लावून पाहायचं काम मी सगळ्यात लहान मुलीकडे दिलं होतं. तिने येऊन सांगितलं, "ओठ मागे पडताहेत, आवाज पुढे चाललाय." तंत्रज्ञांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं, कारण सगळे समोरच्या मॉनिटरकडे पाहत होते. चित्र एकेका यंत्रातून जाताना एखाद-दोन फ्रेम उशीर होतो, आणि पंचवीस फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. आवाज मात्र सरळ निघून जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाला जाणवतो, मागे राहिला तर मात्र सव्वाशेपर्यंत चालून जातं. निसर्गात आवाज नेहमी दृश्याच्या मागूनच पोहोचतो, तेवढी मागची सवय कानाला आहे, पुढची नाही. आवाजाला तेवढाच उशीर दिला आणि ओठ जुळले.

व्हिजन मिक्सरवरच्या, म्हणजे कोणत्या कॅमेऱ्याचं दृश्य पडद्यावर जावं ते निवडणाऱ्या मुलीबद्दल रात्री लिहिते. पुढचं सत्र सुरू होतंय.

गुरुवार, रात्री उशिरा

सकाळी तिचा प्रत्येक कट किंचित उशिरा पडत होता. माणूस बोलायला लागला की ती त्याचा कॅमेरा शोधणार, प्रीव्ह्यूवर घेणार, मग कट करणार, तोवर पहिले दोन शब्द निघून गेलेले. टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या आपसांत बोलायच्या हेडफोनवर, मी फक्त एवढंच म्हटलं, "शब्दांकडे नको, श्वासाकडे बघ." बोलायच्या आधी माणूस श्वास घेतो, हात उचलतो, माइकच्या दिशेने झुकतो. दुपारच्या सत्रात ती ते बघायला लागली, आणि मग कॅमेरा पडद्यावर असल्याचा लाल दिवा पाहुण्याने तोंड उघडायच्या आधी लागत होता. संध्याकाळी तर तिने चर्चेच्या ऐन भरात बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्या बाईंचा चेहरा घेतला. तो चेहरा त्या मुद्द्याशी अजिबात सहमत नव्हता, आणि सभागृहाला ते मोठ्या पडद्यावर दिसलं. हे तिला शिकवलं नव्हतं.

रात्री एडिटच्या टेबलावर वेगळाच प्रसंग. दिवसभराच्या भाषणांतून दीड मिनिटाची चित्रफीत उद्या सकाळी दाखवायची होती. एका वक्त्याचं वाक्य होतं की यंत्राकडून लिहून घेतलेल्या बातम्यांमुळे वेग वाढेल, पण तपासणारी माणसं कमी केली तर विश्वास जाईल. वेळ बसत नव्हता, म्हणून मुलाने "वेग वाढेल" वर कापलं. ऐकायला सुरेख, ठसठशीत वाक्य. शेजारी उपशीर्षकं टाकणारी मुलगी थांबली. तिला अक्षर न् अक्षर टाइप करायचं असल्याने मूळ वाक्य तिच्यासमोर होतं. "हे ते म्हणालेच नाहीत," ती म्हणाली. मुलगा म्हणाला, "म्हणाले की, त्यांचाच आवाज आहे." बराच वेळ दोघांचं चाललं होतं. मी मध्ये पडले नाही. शेवटी मुलाने दुसरा एक अख्खा बाइट, भाषणाचा तुकडा, काढून टाकला आणि हे वाक्य पूर्ण ठेवलं. माध्यमांच्या नीतिमूल्यांवर मी वर्गात कितीतरी बोलले असेन, पण रात्री, मान मोडून आलेली असताना, समोर डेडलाइन आणि हातात कात्री असताना घेतलेला हा निर्णय त्या दोघांना जन्मभर पुरेल असं मला मनापासून वाटतं.

कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं फॉरमॅट करायच्या आधी दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रती झाल्यात का, हे दोघांनी पडताळून सही केली. लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारी आवाजाची सरासरी पातळी, उणे २३ एलयूएफएसला (हे तिचं एकक) बसवला, युरोपीय प्रसारण संघाच्या आर १२८ चा तो दंडक इथल्या पडद्यासाठी मागितला होता. आता झोपायला हवं.

शुक्रवार, संध्याकाळी

आज प्रदर्शनाच्या दालनातल्या मुलाखती. अशा परिषदा मुळात यंत्रं बनवणाऱ्यांच्या आणि ती विकत घेणाऱ्यांच्या. आयबीसी ही प्रसारणक्षेत्राची आंतरराष्ट्रीय परिषद १९६७ साली लंडनमध्ये सुरू झाली, १९९२ पासून ॲमस्टरडॅमला भरते. लास व्हेगासला भरणाऱ्या, अमेरिकी प्रसारकांच्या संघटनेच्या नॅब शोचाही मोठा भाग प्रदर्शनाचाच. अशा जागा नव्यांसाठी आखलेल्याच नसतात. प्रत्येकाला कुठेतरी जायची घाई, गप्पांचे घोळके आधीच जुळलेले. पाहायला म्हणून आलेले विद्यार्थी मला दरवर्षी भिंतीला टेकून, हातात माहितीपत्रकांची पिशवी घेऊन उभे दिसतात. त्यांचा दोष नाही. कुणाशी काय बोलायचं याला कारणच नसतं.

आमच्या मुलांना कारण होतं. तो अबोल मुलगा एका मोठ्या वाहिनीच्या तांत्रिक प्रमुखांना कॉलर माइक लावत होता. आधी परवानगी विचारली, तार कोटाच्या आतून त्यांनाच घ्यायला सांगितली, माइक हनुवटीच्या सावलीत न येईल इतका खाली लावला. दालनात कल्ला एवढा, की त्याने जागा बदलायला लावली. बूथच्या कोपऱ्यात, कापडी पडद्याजवळ. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने चढतो, बाहेरचा गोंगाट तेवढाच राहतो, हे त्याने त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते अर्थातच माहीत होतं. पण त्या त्याच्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "मीही आवाजापासूनच सुरुवात केली." मुलाखतीनंतर दोघं रेकॉर्डरवर वाकून बराच वेळ बोलत होते. नोकरी मागायला गेला असता तर त्याच्या तोंडून शब्द फुटला नसता. काम करत होता, म्हणून सहकाऱ्यासारखा बोलू शकला.

मुलाखत घेणाऱ्या मुलीचा प्रसंग जास्त कठीण. एका कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांनी आधी प्रश्न पाहायला मागितले. तिने विषय सांगितले, प्रश्न दिले नाहीत. मुलाखतीत तिने कंपनीच्या प्रतिनिधींना विचारलं, कृत्रिम आवाजांसाठी ज्या निवेदकांच्या ध्वनिफिती वापरल्या त्यांची परवानगी कशी घेतली? उत्तर गोलमोल आलं. ती पुढच्या प्रश्नाकडे गेली नाही, गप्प राहिली. शांततेत समोरचा माणूस सहसा बोलतो, आणि ते बोलले: परवानगीची नवी पद्धत आता आखतोय. नंतर अधिकारी तिला बाजूला घेऊन म्हणाले, तेवढा भाग वगळा, नाहीतर प्रसिद्ध करण्याआधी आम्हाला दाखवा. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, फक्त तिच्या शेजारी येऊन उभी राहिले. ती म्हणाली, "एखादं नाव, आकडा किंवा तारीख चुकली असेल तर आत्ता सांगा, मी तपासून दुरुस्त करीन. पण मुलाखत आधी दाखवत नाही आम्ही." आवाज थरथरत होता, वाक्य नाही. तो भाग आजच्या चित्रफितीत गेला.

दुपारी मुलांनी आपापल्या शोरील, म्हणजे निवडक कामाच्या चित्रफिती, काही अनुभवी संपादकांना दाखवल्या. जवळजवळ सगळ्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी अशा: सर्वांत चांगलं काम पहिल्या अर्ध्या मिनिटात येऊ दे, आणि त्यात नेमकं तुझं काय ते लिही. 'टीमसोबत केलं' हे कुणालाच पुरेसं वाटलं नाही. कॅमेरा तुझा होता, की एडिट, की दोन्ही? व्हिजन मिक्सरवरच्या मुलीने कालचा, त्या ऐकणाऱ्या बाईंचा शॉट दाखवला आणि तो का घेतला ते सांगितलं. समोरच्या संपादकांनी वही काढून तिचा पत्ता लिहून घेतला.

शनिवार, सकाळी

सामान भरून झालं, हिशेब चाललाय. मुलांचे पैसे आयोजकांकडून महिन्याच्या आत यायला हवेत असं ठरलंय, त्याचा पाठपुरावा मी करणार. श्रेयनामावलीत दोन नावं राहिली आहेत, आत्ताच कळवलं.

प्रमाणपत्रं आली, सगळ्यांवर एकच मजकूर: 'सक्रिय सहभाग'. त्याचा मुलांना उपयोग नाही. म्हणून आज प्रत्येकासाठी वेगळं पत्र लिहायला घेतलंय. आवाजावरच्या मुलाच्या पत्रात मिक्स मायनस आणि दालनातली जागा. उपशीर्षकांच्या मुलीच्या पत्रात ते अर्ध्यावर कापलेलं वाक्य तिने कसं पकडलं, ते. कामाचा तपशील नेमका असला की वाचणाऱ्याला त्यामागचा माणूस दिसतो.

आयोजकांनाही लिहायचं आहे. पुढच्या वेळी मुलांना आदल्या रात्री नाही, सत्रांची आखणी होत असतानाच बोलवा. कोणत्या चर्चेत कोण बसणार, कोणता प्रश्न विचारायचा राहून गेलाय, हे त्यांना दिसतं. मुलाखत घेणाऱ्या मुलीने काल रात्री मला निवेदकांच्या परवानगीवर अख्खं सत्र कसं असावं ते दोन पानांत लिहून पाठवलं. ती दोन पानं पत्रासोबत जोडतेय, तिच्या नावानिशी.