जॅकेट, नोंद तिसरी: आर्मर एकदाचं कोपरावर आलं

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की ऑनलाइन मागवलेलं, मोटरसायकलवर घालायचं एल मापाचं जाळीचं जॅकेट झकास बसलंय. ते शब्द मागे घेतो. झकास बसलं होतं ते आरशासमोर.

झालं असं. रविवारी सकाळी रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला निघालो. त्या रस्त्यावर समुद्र डाव्या हाताला आणि वारा आडवा. जॅकेट फुग्यासारखं फुगलं, बाह्या दंडावर फडफडायला लागल्या. वर पॉइंटवर गाडी लावली आणि हात हँडलवरून न काढता मागच्या मित्राला म्हटलं, जरा माझं कोपर चाचपून बघ. हाडावर फक्त जाळी! आर्मरची, म्हणजे पडल्यावर दणका झेलणाऱ्या पॅडची, वाटी फिरून खाली, हाताच्या आतल्या बाजूला जाऊन बसलेली.

मी लेव्हल 2 आर्मर म्हणून चार लोकांत मिरवत होतो. ईएन 1621-1 या आर्मरच्या युरोपीय मानकाच्या चाचणीत 50 जूलचा दणका दिल्यावर लेव्हल 1 मधून पलीकडे सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत जोर गेलेला चालतो, लेव्हल 2 ला 20 ची मर्यादा. पण त्या चाचणीत आर्मर ठोकळ्यावर नीट बसवलेलं असतं. माझं रस्ताभर हिंडत होतं. सैल जॅकेटातल्या लेव्हल 2 पेक्षा अंगाबरोबर राहणारं लेव्हल 1 मी कधीही घेईन.

मग आंबा घाट चढून कोल्हापुरातलं जॅकेटचं दुकान गाठलं. दुकानदाराला विचारलं, गाडीवर बसून बघू का? "बसा की! फक्त चेनचं ग्रीस लावू नका म्हणजे झालं."

एम चढवलं. उभं राहिल्यावर छातीत आवळल्यासारखं वाटलं, बाही मनगटाच्या इंचभर खाली आली. एरवी इथेच नको म्हणून काढून ठेवलं असतं. गाडीवर बसून हात पुढे नेले आणि बाही बरोब्बर मनगटावर आली, ग्लोव्हजच्या आत जाईल इतकी. पाठ उघडी पडली नाही. खांद्यावरून मागे वळून पाहिलं तर कॉलर हेल्मेटला अडली नाही. शेवटी कोपराची वाटी चिमटीत धरून पिळली. कापड थोडं फिरलं, वाटी हाडावरच. एलची वाटी अशी पिळली की पाव वळसा फिरायची.

आतलं रेन लायनर, म्हणजे पाणी अडवणारं सुटं अस्तर, काढून माप बघितलंय, हे मुद्दाम सांगतो. लायनर घालून एम घट्टच होतं. पण आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. लायनर आत असलं की अंग कोरडं राहतं, वरची जाळी मात्र चिंब, आणि जुलैत ती दोरीवर चार दिवस वाळत नाही. नंतर बुरशीचा वास. मी वरून एक माप मोठा रेनकोट घालतो. लायनर कपाटात.

आई म्हणाली, "मे महिन्यात अंगात गोधडी घालून कुठे निघालास?" चालत्या गाडीवर जाळीतून वारा खेळतो, हे तिला पटवणं माझ्याच्याने होणार नाही. आणि जयगडच्या धक्क्यावर तवसाळच्या फेरीची वाट बघत उन्हात उभं राहिलं की मलाही पटत नाही.

एक दुरुस्ती करून घेतली. बाहीचा आवळायचा पट्टा मनगटाजवळ होता, तो आमच्या शिंपीकाकांकडून कोपराच्या जरा खाली हलवून घेतला. काका म्हणाले, बाही उसवून आतच घेतो ना. नको म्हटलं. घसरल्यावर पहिल्यांदा शिवणी फाटतात आणि कंपनीची दुहेरी शिवण घरगुती दोऱ्याने परत तशी येत नाही. खाऱ्या हवेने जॅकेटची चेन अडकत होती, ती गोड्या पाण्याने धुऊन तिच्यावर मेणबत्ती घासली. आता सरकते.

काल परत तोच रस्ता. निघताना हाडाच्या बरोबर वर बाहीवर खडूची खूण केली होती. घरी आल्यावर गाडीवरून न उतरताच बघितली: उजवी जागच्या जागी, डावी अर्धं बोट खाली. डावा पट्टा परत काकांकडे न्यायचाय.