पहिलीची ॲडमिशन आणि "मॅम, फक्त चारच सीट राहिल्यात"

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. माझ्या हातात चकलीचा सोऱ्या, गॅसवर तेल तापलेलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला की अमुक शाळेत पहिलीला ८० वेटिंग झालंय, ज्यांनी अजून फॉर्म भरला नाही त्यांनी विसरा आता. मनूचं सीनियर केजी तेव्हा अर्धंही झालं नव्हतं, पण तिची शाळा केजीपर्यंतच असल्यामुळे पहिलीसाठी दुसरीकडे जायचंच होतं. चकल्या त्या दिवशी करपल्या.

आम्ही पुण्याजवळ पुनावळ्यात राहतो. इथे एक होर्डिंग बिल्डरचं, की पुढचं शाळेचं. नवऱ्याने लगेच एक्सेल काढलं, नऊ शाळा, बोर्ड, अंतर, फी, बसची फी वेगळी, आणि शेवटचा कॉलम वेटिंग, तोही लाल रंगात. आमचं लॉजिक साधं होतं, गर्दी बघून मिसळीचं हॉटेल ठरवतो तसंच, जिथे वेटिंग जास्त ती शाळा चांगली. आता हसू येतं पण तेव्हा खरंच असंच वाटत होतं.

सगळ्यात आधी ती ८० वेटिंगवाली शाळाच बघायला गेलो, सासूबाईंना पण घेऊन. रिसेप्शनला एसी, कॉफीचं मशीन, काउन्सेलर मुलगी फार गोड बोलणारी. "मॅम, पहिलीला फक्त चारच सीट राहिल्यात" आणि पुढच्याच वाक्यात "आज टोकन भरलंत तर अर्ली बर्डमध्ये १५ हजार कमी होतील." मग मनूचं 'इंटरॅक्शन'. शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायला सरळ बंदी आहे, त्यामुळे मुलाखत हा शब्द कोणी काढत नाही. तिला रंग विचारले, ते तिने सांगितले, आणि मग तिने त्या मॅडमनाच विचारलं, तुमच्या स्विमिंग पूलमध्ये पाणी का नाहीये? मॅडम म्हणाल्या मेंटेनन्स चालूय. पुलात पेरूची पानं साचली होती, बरीच जुनी दिसत होती.

पार्किंगमध्ये सासूबाई म्हणाल्या, "अगं, जागाच उरल्या नाहीत तर सूट कशाला देतायत? बाजारात संध्याकाळी उरलेली वांगी स्वस्त होतात." पटलं मला, तरी आम्ही १० हजार भरून सीट ब्लॉक केली. घाबरलेला माणूस पावती आधी फाडतो आणि विचार नंतर करतो, दुसरं काय.

माझा मामेभाऊ जुन्नरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्याला फोनवर रडगाणं सांगितलं तर म्हणाला, ताई, वेटिंग सोड, शाळेचा यू-डायस नंबर घे. प्रत्येक शाळेचा असतो, अकरा आकडी, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. यू-डायसच्या साइटवर शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं, कोणत्या इयत्तेत किती पोरं, शिक्षक किती, वर्गखोल्या किती. रात्री मनू झोपल्यावर बसले. त्या चार सीटवाल्या शाळेत पहिलीला १४२ आणि पाचवीला ६१. आता नवीन शाळेत वरचे वर्ग लहान असणारच, म्हणून घाई केली नाही, पण ही शाळा काही नवीन नव्हती. मग मागच्या वर्षांचं कार्ड काढून बघितलं. आत्ता जी पाचवी आहे ती दोन वर्षांपूर्वी तिसरीत असताना ९८ होती. म्हणजे दोन वर्षांत ३७ पोरं गेली कुठे? दारात ८० जणांची रांग सांगतायत आणि मागच्या दाराने टीसी घेऊन माणसं चाललीयत. एक्सेलमध्ये मी नवीन कॉलम टाकला, 'टिकलेली पोरं'. नवरा म्हणाला हे काय नाव आहे, म्हटलं असू दे.

दुसरी गोष्ट कळली ती जानेवारीत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलाचा आरटीईचा, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्याखालचा फॉर्म मी भरून दिला. खाजगी शाळांत गरीब घरच्या पोरांसाठी २५ टक्के राखीव जागा, ऑनलाइन लॉटरी, जास्तीत जास्त दहा शाळा टाकता येतात, पण अर्ज एकच. त्या यादीत प्रत्येक शाळेच्या राखीव जागा लिहिलेल्या असतात, चारने गुणलं की एकूण प्रवेश किती ते ढोबळ कळतं. (अल्पसंख्याक शाळा त्यात नसतात, त्यामुळे जुन्या कॉन्व्हेंट तिथे शोधू नका.) राज्यात त्या वर्षी जागा एक लाखाच्या आसपास आणि अर्ज तीन लाखांच्या वर. ताईंच्या मुलाचं नाव लागलं नाही. ते वेटिंग खरं, कारण एका पोराचं नाव तिथे एकदाच मोजलं जातं.

आणि आमचं? एके दिवशी संध्याकाळी गार्डनमध्ये बसून मी सरळ हिशोब घातला. आमच्या सोसायटीत पहिलीत जाणारी ३१ पोरं, आणि मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या प्रत्येकाने तीन-चार ठिकाणी फॉर्म भरलेले, काहींनी दोन ठिकाणी पैसे पण भरलेले. आम्ही स्वतः तीन याद्यांमध्ये. म्हणजे ज्या ८० च्या वेटिंगला घाबरून मी चकल्या जाळल्या त्यात समोरच्या विंगमधली, वरच्या मजल्यावरची आणि आमची मनू हीच सगळी होती. आम्हीच एकमेकांना घाबरवत होतो आणि शाळा फक्त आकडा वाचून दाखवत होती.

शेवटी घेतली ती जुन्या ट्रस्टची शाळा, स्टेट बोर्ड, इंग्रजी माध्यम. तिथे आमचा वेटिंग नंबर २६ होता. क्लार्क काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "एप्रिलपर्यंत थांबा, सीबीएसईच्या शाळा सुरू झाल्या की पोरं तिकडे जातात आणि आपली यादी हलते." अगदी तसंच झालं, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. त्यांच्या पाचवीत पहिलीएवढीच पोरं आहेत, ते मी आधीच बघून ठेवलं होतं. सगळं छान आहे असं मुळीच नाही हां, वर्गात ५२ पोरं आहेत, बस आमच्या बाजूला येत नाही म्हणून नवरा रोज सकाळी स्कूटरवर सोडतो, आणि मनूच्या बाईंना तिचं नाव पाठ व्हायला ऑगस्ट उजाडला. ग्राउंड मात्र खरं आहे, रोज गुडघे फोडून येते.

मे महिन्यात त्या काउन्सेलरचा फोन आला होता, मॅम तुमच्यासाठी स्पेशल एक सीट होल्ड केलीय. म्हटलं, सीट राहू दे, माझे १० हजार कधी देताय ते सांगा. अकाउंट्सला विचारून कळवते म्हणाली. पावती अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे.