वाल्खेनझे: उन्हाळा ते हिवाळा, ड्रायसूटमधून

म्युनिकहून तासाभरावरच्या या सरोवरात मी ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा पोशाख) घालून डायव्हिंग करतो. इथे उन्हाळा फक्त वरच्या दहा-पंधरा मीटरांत असतो. ऑगस्टमध्ये काठावर लोक निवांत पोहत असतात आणि थर्मोक्लाइन (वरचं कोमट आणि खालचं थंड पाणी जिथे भेटतं तो थर) ओलांडली की आपल्या डाइव्ह कॉम्प्युटरवरचा (खोली, तापमान आणि किती वेळ खाली राहणं सुरक्षित ते दाखवणारं मनगटी यंत्र) तापमानाचा आकडा भराभर उतरत ५-६ अंशांवर येतो. दोन थर जिथे भेटतात तिथे पाणी पाकासारखं थरथरतं, बडी (डायव्हिंगचा जोडीदार) हातभर अंतरावर असूनही धूसर दिसतो. गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड, म्हणून खालची थंडी बारमाही. तारकर्लीच्या कोमट समुद्रात डायव्हिंग शिकलेल्यांनी हे आधीच मनाशी पक्कं केलेलं बरं.

तरी माझं मत: जानेवारी-फेब्रुवारीसारखा हंगाम नाही. वसंतात बर्फ वितळून गाळ येतो, मग शेवाळ वाढतं. थंडीत मात्र पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. शिवाय रुट्टे दिसतो, हनुवटीला एकुलती एक मिशी असलेला तळाचा मासा. हा पठ्ठ्या भर थंडीतच अंडी घालतो. अडचण एकच, १९२४ पासून चालणारं वीजकेंद्र हिवाळ्यात पाणी खेचतं आणि पातळी काही मीटर खाली जाते. उन्हाळ्यातली सोपी उतरण तेव्हा निसरड्या दगडांची होते. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिसं, सावकाश उतरा.

खरा अभ्यास सध्या रेग्युलेटरचा चाललाय, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणाऱ्या यंत्राचा. २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये (सिलिंडरला जोडलेला, दाब कमी करणारा भाग) एकदम फुगते आणि गार पडते. भोवतालचं पाणी आधीच ४ अंश, त्यामुळे आत बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि हवा धो धो सुटते. म्हणून एका सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज: एक अडकली तर तिचा व्हॉल्व्ह बंद करून दुसरीवर श्वास घ्यायचा. काठावर गोठत्या हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघायचा नाही, पाण्यात तोंड गेल्यावरच. जाड कोरड्या हातमोज्यांनी मानेमागचा व्हॉल्व्ह चाचपून बंद करणं आता जमतं, पण उजवा खांदा अजून कुरकुरतो. ड्रायसूटच्या आत जाड कपडे घातले की हात मागे वळतच नाही. पातळ थर एकावर एक घातल्यावर फरक पडला.

उंची विसरू नका. सरोवर ८०० मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा कमी. कॉम्प्युटर आपणहून उंची ओळखत नसेल तर पाण्यात जाण्यापूर्वी सेटिंग बदला.

पुढचा बेत ऑस्ट्रियातल्या वाइसेनझे सरोवराचा, बर्फाखाली डायव्हिंगचा. वरच्या माणसाशी दोरी ओढून बोलायचे इशारे पाठ करतोय. तिथे कोणी जाऊन आलं असेल तर सांगा, बोटं कशी शाबूत ठेवलीत?