सतरा सेंटीमीटरचे लंडन

आज पहाटे मुंबईमार्गे लंडनला निघालेल्या भाचीला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर सोडून आलो आणि घरी येताच आईने विचारले, "लंडन नेमके किती लांब आहे रे?"

कपाटावरचा ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल काढून मुंबईपासून लंडनपर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरला, तेव्हा तो सतरा सेंटीमीटर भरला. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर धरल्यास हे अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास येते. आईला मात्र किलोमीटरपेक्षा तासांमध्ये रस होता.

जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि परतताना साधारण तासभर कमी, कारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे येताना विमानाला पाठीमागून रेटतात आणि जाताना समोरून अडवतात, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे माहेरी येताना वाराही मदत करतो."

खरा वैताग वेगळाच आहे. नागपूर-मुंबई प्रवास जेमतेम दीड तासाचा असूनही पोरीला पुढच्या विमानासाठी मुंबईत सात तास बसावे लागणार आहे. त्यासाठी आईने बांधून दिलेली संत्रा बर्फी तिथेच संपेल, असा माझा अंदाज आहे.