काओशुंगचे महापौर आणि पंचवीस टक्क्यांची रेघ

२४ नोव्हेंबर

२०१८ साली आजच्या तारखेला तैवानच्या काओशुंग शहराने हान क्वो-यू यांना महापौर केले. मते ८,९२,५४५, म्हणजे ५३.८७ टक्के. समोर डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाचे, डीपीपीचे, चेन ची-माय होते. त्यांना ७,४२,२३९ मते पडली.

महापौर म्हटले की आपल्याला आठवतो तो नगरसेवकांनी अडीच वर्षांसाठी निवडलेला, ज्याच्या शहराचा खरा कारभार आयुक्त चालवतात असा माणूस. तैवानमध्ये महापौर थेट लोकांतून, चार वर्षांसाठी निवडला जातो. खातेप्रमुख तोच नेमतो, अर्थसंकल्प तोच मांडतो. म्हणून तिथले महापौरपद ही राष्ट्राध्यक्षपदाची पायरी समजली जाते. हान यांच्या बाबतीत ही पायरीच घसरली, तेव्हा हे आधी लक्षात ठेवायला हवे.

सैनिकाच्या घरात वाढलेला मुलगा, लष्करी शिक्षण, मग कुओमिन्तांग पक्ष. १९९३ ते २००२ तैपेई परगण्यातून संसदेत. त्या काळातली त्यांची सगळ्यांना आठवणारी गोष्ट म्हणजे १९९३ मध्ये सभागृहातच चेन श्वेइ-ब्यान यांच्यावर उचललेला हात. हेच चेन पुढे २००० साली राष्ट्राध्यक्ष झाले. २००२ नंतर हान दहा वर्षे जवळपास विस्मृतीत गेले. २०१३ पासून चार वर्षे ते तैपेईच्या कृषीमाल विक्री कंपनीचे महाव्यवस्थापक होते. आपल्या बाजार समितीसारखेच ते जग: भल्या पहाटे फळभाज्यांचे लिलाव, शेतकरी एका बाजूला, घाऊक व्यापारी दुसऱ्या बाजूला. प्रचारात ‘भाजी विकणारा’ ही ओळख त्यांनी अभिमानाने वापरली, आणि दक्षिणेच्या शेतकऱ्यांना ती भिडली.

२०१७ मध्ये पक्षाध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा त्यांना फक्त ५.८४ टक्के मते मिळाली. निवडून आलेल्या वू देन-यी यांनी त्यांना काओशुंग शाखेची जबाबदारी दिली. डीपीपीने १९९८ पासून सोडला नव्हता असा हा गड. उत्तरेतून आलेल्या माणसाकडून तिथे कुणालाच काही अपेक्षा नव्हती.

त्यांची घोषणा अशी होती: माल बाहेर जाऊ दे, माणसे आत येऊ देत, काओशुंगची भरभराट होऊ दे. एक बाटली पाणी आणि एक वाटी डुकराच्या मांसाचा रस्सा-भात, एवढ्या खर्चात प्रचार करतो, असे ते सांगत. घोषणेत दम होता, कारण दुखणे खरे होते. बंदर आणि अवजड कारखान्यांच्या या शहरातली तरुण पोरे नोकरीसाठी तैपेईला जात होती आणि महापालिका कर्जात होती. तरी सगळे श्रेय हान यांना देणे चूक ठरेल. त्या दिवशी देशभरच डीपीपीची पडझड झाली. २२ शहरे-परगण्यांपैकी १५ कुओमिन्तांगकडे गेली, डीपीपीकडे ६ उरली, आणि डीपीपीच्याच राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांनी पक्षाध्यक्षपद सोडले. त्या लाटेवर सर्वांत उंच दिसले ते हान.

११ जानेवारी

२५ डिसेंबर २०१८ ला शपथ, आणि जुलै २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी. मध्ये सात महिनेसुद्धा पुरते नाहीत. पक्षांतर्गत निवड दूरध्वनी पाहणीवर झाली. हान ४४.८ टक्के, उद्योगपती टेरी गोउ २७.७ टक्के. ऑक्टोबरमध्ये हान यांनी प्रचारासाठी तीन महिन्यांची रजा घेतली आणि शहर उपमहापौरांच्या हाती दिले.

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत महागडी सही या रजेच्या अर्जावरची. मत मागितले होते काओशुंगसाठी, आणि वर्ष पुरे व्हायच्या आत खुर्ची रिकामी. त्यांच्या समर्थकांचेही एक म्हणणे होते: रस्त्यांचे डांबरीकरण, गटारांचा गाळ काढणे ही कामे झाली. झाली, पण रजेवर गेलेल्या महापौराच्या पदरात त्यांचे पुण्य पडत नाही. त्यातच मार्च २०१९ मध्ये ते हाँगकाँगमधल्या बीजिंगच्या संपर्क कार्यालयात जाऊन आले होते. जूनपासून हाँगकाँगचे रस्ते बीजिंगविरोधी आंदोलकांनी भरले आणि तैवानमध्ये त्या भेटीचा अर्थच बदलला.

२०२० च्या ११ जानेवारीला त्साई यांना ८१,७०,२३१ मते, हान यांना ५५,२२,११९. मी मात्र दुसराच आकडा पाहतो. खुद्द काओशुंगमध्ये हान यांना ६,१०,८९६ मते मिळाली. चौदा महिन्यांत त्याच शहरातली २,८१,६४९ मते गेली. पुढे जूनमध्ये झालेल्या रिकॉलचा, म्हणजे निवडून आलेल्याला मुदतीआधी मतदानाने हटवण्याचा, निकाल त्या रात्रीच कळायला हवा होता.

६ जून

२०२० साली आजच्या तारखेला, शनिवारी, काओशुंगने हान यांना रिकॉल करून हटवले. आज सविस्तर लिहायचे आहे, कारण रिकॉल म्हणजे लोकांचा राग उसळला आणि माणूस पडला, इतके सोपे नसते. कायद्याच्या तीन चाळण्या असतात आणि प्रत्येकीत प्रकरण अडकू शकते.

पहिली, प्रस्ताव. निवडून आलेल्याला एक वर्ष कामाला मिळते, त्याआधी प्रस्ताव दाखल करता येत नाही. मतदारांच्या १ टक्का सह्या लागतात. काओशुंगसाठी त्या होत्या सुमारे २२,८००. वर्ष २५ डिसेंबरला संपले आणि २६ डिसेंबर २०१९ ला अर्ज दाखल झाला. दुसरी चाळणी १० टक्के सह्यांची, म्हणजे २,२८,१३४, आणि मुदत ६० दिवस. इथे एक फास आहे: प्रस्तावावर सही करणाऱ्याची सही दुसऱ्या टप्प्यात धरत नाहीत. प्रत्येक कागदावर नाव, ओळखपत्र क्रमांक, नोंदणीचा पत्ता, आणि सगळे सरकारी नोंदीशी ताडून पाहतात. म्हणून जाणते कार्यकर्ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त गोळा करतात. इथे सुमारे ३ लाख ७७ हजार सह्या वैध ठरल्या.

हान यांच्या बाजूने न्यायालयात हरकत घेतली गेली, ती वर्ष पुरे होण्याआधीच सह्या गोळा केल्याची. प्रक्रिया थांबवायला न्यायालयांनी नकार दिला.

तिसरी चाळणी मतदान. २०१६ च्या अखेरपर्यंत नियम असा होता की निम्म्या मतदारांनी मतदानाला यायलाच हवे, नाहीतर सगळे रद्द. फेब्रुवारी २०१५ मध्ये तैपेईचे खासदार त्साई झंग-युआन यांच्यावरच्या रिकॉलमध्ये मत देणाऱ्यांत ९७ टक्के लोक ‘हटवा’ म्हणाले. पण मतदान झाले २४.९८ टक्के, आणि ते खासदार राहिले. नंतर कायदा बदलला. प्रस्तावाला २ ऐवजी १ टक्का, सह्यांना १३ ऐवजी १० टक्के, रिकॉलच्या प्रचारावरची बंदी गेली, आणि उपस्थितीची अट निघून नवी रेघ आली: ‘हटवा’ची मते ‘ठेवा’पेक्षा जास्त हवीत आणि एकूण मतदारांच्या २५ टक्के तरी हवीत. ही रेघसुद्धा सोपी नाही. डिसेंबर २०१७ मध्ये खासदार ह्वांग क्वो-चांग यांच्याविरुद्ध ४८,६९३ मते पडली, बाजूने २१,७४८, पण रेघ ६३,८८८ वर होती. ते वाचले.

काओशुंगमध्ये मतदार २२,९९,९८१ आणि रेघ ५,७४,९९६.

तैवानमध्ये टपाली मतदान नाही. जिथे नाव नोंदलेले तिथेच जाऊन शिक्का मारायचा, त्यामुळे तैपेईत नोकरी करणाऱ्यांना रेल्वेने घरी यावे लागते. मतदान सकाळी ८ ते दुपारी ४. मग त्याच खोलीत, लोकांसमोर मोजणी. कर्मचारी एकेक मतपत्रिका डोक्यावर धरून मोठ्याने पुकारतो, दुसरा भिंतीवरच्या कागदावर एक रेघ ओढतो. आपण चार उभ्या आणि एक आडवी ओढतो, ते पाच रेघांचे ‘झंग’ हे अक्षर पुरे करतात. त्या शनिवारी ‘हटवा’च्या बाजूला ही अक्षरे ओळीमागून ओळ भरत गेली आणि ‘ठेवा’ची बाजू जवळपास कोरी राहिली.

कोरी राहिली, कारण हान यांनीच समर्थकांना मतदान करू नका म्हणून सांगितले होते. जुन्या नियमात हा डाव अचूक होता: घरी बसा, उपस्थिती निम्म्याखाली ठेवा. नव्या नियमात घरी बसल्याने समोरच्याचे एकही मत कमी होत नाही. केंद्रावर जाणारा कोणाचा हे गल्लीत कळते, म्हणून थोडे लोक बिचकले असतील, एवढाच फायदा. हटवा ९,३९,०९०, ठेवा २५,०५१, मतदान ४२.१४ टक्के. जानेवारीतले सहा लाख दहा हजार सगळेच्या सगळे आले असते तरी हान हरलेच असते. पण लढत दिसली असती.

त्यांना पाडणारी मते त्यांना निवडणाऱ्या मतांपेक्षा ४६,५४५ ने जास्त आहेत. आणि जुना निम्म्याचा नियम असता तर ४२.१४ टक्क्यांवर हे सारे बाद होऊन हान पूर्ण मुदत काढून गेले असते. पाच लाख पंचाहत्तर हजारांच्या जागी नऊ लाख एकोणचाळीस हजार लोक येऊनही! म्हणून मला तो २०१६ चा बदल जून २०२० इतकाच मोठा वाटतो.

तैवानमध्ये परत बोलावलेले ते पहिले महापौर. १५ ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत तेच चेन ची-माय ७० टक्के मतांनी आले. हान यांना चार वर्षे त्या पदाला उभे राहता येणार नव्हते.

२६ जुलै

१ फेब्रुवारी २०२४ ला हान संसदेचे अध्यक्ष झाले, ५४ मतांनी. कुओमिन्तांगचे ५२ आणि दोन अपक्ष. ११३ च्या सभागृहात डीपीपी ५१ वर होता आणि तैवान पीपल्स पार्टीचे आठ दुसऱ्या फेरीत तटस्थ राहिले.

२०२५ मध्ये याच तारखेला कुओमिन्तांगच्या २४ खासदारांवर एकाच दिवशी रिकॉलचे मतदान झाले, २३ ऑगस्टला आणखी सातांवर. एकतीसपैकी एकही पडला नाही. यावेळी समर्थक घरी बसले नाहीत. ते केंद्रांवर आले आणि ‘ठेवा’वर शिक्के मारले. काओशुंगचा धडा पक्षाने घेतला होता.

त्या एकतीस जणांत हान नव्हते. ते पक्षाच्या राष्ट्रीय यादीतून, पहिल्या क्रमांकावरून संसदेत आले आहेत. यादीतल्या खासदाराला रिकॉलचा कायदा लागू होत नाही.