आठ इंच

सोमवार

पिकअप घरी येऊन आज चौथा दिवस आणि ती अजून बाहेरच उभी आहे. गॅरेजच्या शटरसमोर, कुणी 'आत या' म्हणालं नाही म्हणून दारात ताटकळलेल्या पाहुण्यासारखी.

घेण्याआधी मोजलं नव्हतं असं नाही. या टोयोटा हायलक्सच्या माहितीपत्रकात लांबी ५३२५ मिलिमीटर, रुंदी १८५५, उंची १८१५ असं स्वच्छ छापलंय. फुटांत आणलं तर लांबी जेमतेम साडेसतरा. गॅरेज आतून १८ फूट २ इंच. आठ इंच उरतात, म्हणजे मावते, झालं. एवढ्या हिशेबावर मी सही ठोकली.

जुनी हॅचबॅक चार मीटरांच्याही आतली. तिच्या मागेपुढे शिडी, सायकली, रंगाचे डबे आणि 'लागेल कधीतरी' या सबबीखाली जमलेलं सगळं सुखानं नांदायचं. तेव्हा गॅरेज ऐसपैस वाटायचं.

मंगळवार

बाबा फीत घेऊन आले. आले ते थेट भिंतीशी उकिडवे बसले. मी रुंदी कंबरेच्या उंचीवर, एकाच जागी मोजली होती. त्यांनी घोट्याशी, गुडघ्याशी आणि आरशाच्या उंचीवर अशी तीनदा घेतली, तीही पुढे, मधे आणि मागे. माझा आकडा होता ९ फूट. तो खरा होता, पण फक्त मी मोजलेल्या जागी. डाव्या भिंतीत मधोमध जो पिलर आहे, तो साडेचार इंच पुढे आलेला निघाला. त्या पिलरला मी इतकी वर्षं कोट अडकवतेय, आणि तो जागा खातोय हे आज कळलं.

मग त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण घेतले. दीड इंचाचा फरक. म्हणजे खोली चौकोनी दिसते, पण काटकोनात नाही.

"दार किती?" बाबांनी विचारलं.

"आठ फूट."

"शटर ज्यातून सरकतं त्या पट्ट्या धरून?"

पट्ट्या धरून ७ फूट ८ इंच. आणि माहितीपत्रकातले १८५५ मिलिमीटर, म्हणजे सहा फूट एक इंच, हे आरसे सोडून! आरसे उघडे ठेवून फीत धरली तर सात फुटांच्या आसपास गेली. इथेही आठच इंच, दोन्ही बाजूंना चार-चार. आरसे मिटले तर जागा होते, पण मग मागे घेताना बघायचं कशात? (फोर्डची एफ-१५० तर आरसे सोडूनच दोन मीटरांहून रुंद असते. ज्यांच्या घरी ती आहे त्यांचं काय होत असेल, देव जाणे. निदान मी एकटी नाही.)

फीत गुंडाळता गुंडाळता बाबा म्हणाले, "गाडी मोजलीस, भिंत मोजलीस. आणि तू कुठून उतरणार?"

हा प्रश्न मला आठवडाभरात सुचला नव्हता.

बुधवार

अडगळ काढली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. 'लागेल कधीतरी'पैकी काहीही कधीच लागलं नव्हतं.

गुरुवार

आज नुसता वाद. तोंड पुढे करून आत घालायची की मागे घेत? नवऱ्याचं म्हणणं, सरळ पुढे घाल, सोपं पडेल. त्याचं अगदीच चूक नाही. पुढे घातली तर मागचा सामानाचा हौदा शटरकडे राहतो, फाळका (हौद्याची मागची झडप) उघडता येतो, सामान चढवता-उतरवता येतं. मागे घेतली की फाळका भिंतीला चिकटणार, आणि पिकअप घेतली ती हौद्यासाठीच ना?

पण वळणाचं गणित वेगळं आहे. चाकं वळतात ती पुढची. मागची वळत नाहीत, नुसती मागोमाग येतात, आणि वळताना पुढच्या चाकांपेक्षा आतून, कोपरा कापत जातात. या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३०८५ मिलिमीटर, म्हणजे दहा फुटांहून जास्त अंतर आहे. त्यामुळे नाक व्यवस्थित शटरमधून गेलं म्हणून हायसं वाटेस्तोवर मागचं चाक पट्टीला घासतं. काल दुपारी पुढून घालून बघितलीच. घासली नाही, पण पट्टी आणि टायर यांच्यात माझा तळहात जेमतेम शिरला, तेव्हा तशीच बाहेर काढली.

मागे घेताना उलट होतं. न वळणारी चाकं आधी दारात जातात, आणि जे भलंमोठं फिरायचं ते नाक बाहेर मोकळ्या जागेत फिरतं. फाळक्याचा तोटा मान्य करून मी मागे घेण्याच्या बाजूनं मत दिलं. गाडी माझी, मत माझं.

शुक्रवार

मोकळ्या जागेत खडूनं अख्खं गॅरेज आखलं, पिलरसकट. दाराच्या दोन्ही टोकांना रिकाम्या बादल्या ठेवल्या. पहिल्या वेळी बादली उडाली. दुसऱ्या वेळी दुसरी. सहाव्या खेपेला दोन्ही उभ्या राहिल्या आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

तिथेच बाबांनी ओळंबा काढला. मागच्या बंपरच्या टोकाशी दोरी धरली, शिसं जमिनीला टेकायच्या बेतात थांबलं, तिथे खडूची फुली. मग मागच्या चाकाला मागून एक जाड लाकडी ओंडका टेकवला आणि त्याची चाकाकडची कड जिथे येते तिथे दुसरी फुली. दोन फुल्यांमधलं अंतर तेवढं गॅरेजात न्यायचं, भिंतीपासून मोजायचं, त्यात सुरक्षिततेचे चार इंच मिळवायचे आणि ओंडक्याची तीच कड तिथे येईल असा तो जमिनीला ठोकायचा. चाक ओंडक्याला टेकलं की थांबायचं. कॅमेरा आहे, बीप वाजतो, पण शेवटच्या फूटभरात तो बीप सलग किंचाळतो, आणि किंचाळणाऱ्याकडून नेमकं अंतर कळत नाही. ओंडका गप्प असतो.

शनिवार

नवरा आत उभा राहिला हात हलवत. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." माझा या 'येऊ दे'वर बिलकूल विश्वास नाही. 'येऊ दे' म्हणणारा माणूस नेहमी 'थांब' म्हणायला अर्धा सेकंद उशीर करतो. म्हणून आधीच ठरवलं होतं: तोंडानं काही बोलायचं नाही, फक्त हात. आणि मला आरशात तो दिसेनासा झाला की मी थांबणार, मग त्यानं काहीही म्हणो. तरी सवयीनं बोललाच.

तीनदा पुढे-मागे केली. दारातून मागची चाकं आत गेल्यावर थांबून आरसे मिटले, आणि उरलेलं अंतर स्टिअरिंग सरळ ठेवून मुंगीच्या पावलानं. डाव्या बाजूचा पिलर तीन इंचांवरून गेला. ओंडका लागला. धक्का इतका हलका की लागला का नाही, म्हणून मी विचारलं.

इंजिन चालू ठेवूनच मी बाजूच्या फटी बघत बसले होते, आणि उत्साहाच्या भरात नवऱ्यानं शटर अर्धं ओढलं. बाबा जे ओरडले! बंद जागेत धूर कोंडतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. किल्ली फिरवली तेव्हा कुठे ते शांत झाले.

मग उतरणं. डावीकडे पिलरला चिकटून उभी केल्यामुळे माझ्या बाजूला भिंतीपर्यंत २७ इंच उरले. भिंतीला जुनी सतरंजी ठोकली होती, दाराची कड त्यावर टेकली. आधी पाय, मग खांदा आडवा, मग पोटात श्वास ओढून बाकीची मी. निघाले.

शटर पूर्ण खाली आलं. बंपर आणि शटर यांच्यात मी आतून हात घालून बघितला, चार बोटं आडवी बसली.

मग आठवलं, बादल्या हौद्यातच राहिल्यात. फाळका उघडायला जागा नाही. मागच्या टायरवर पाय ठेवून वर चढले आणि एकेक बादली बाबांच्या हातात दिली.